साडूंचं मोजमाप

आमच्या साडूंनी जन्मात एकही गोष्ट मोजल्याशिवाय सोडलेली नाही. मावळात मोजणारे पुष्कळ आहेत. कोणी पाऊस मोजतो, कोणी भाताची पोती मोजतो, निवडणूक आली की सगळेच मतं मोजतात. पण माणसाचं वजन मोबाइलवरून मोजून ते वहीत लिहून ठेवणारा माणूस या तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला. त्या वहीपायी त्यांनी भर मांडवात माझा अपमान केला आणि दोन वर्षांहून जास्त काळ आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. ही हकीगत मी रागानेच सांगायला बसलो होतो. पण राग धरून धरूनही माणूस थकतो. उमेदीच्या वयात मी कामशेतला तांदळाची पोती पाठीवरून वाहिली आहेत, पोतं पाठीवर घेऊन नुसतं उभं राहणं हे चालण्यापेक्षा अवघड असतं हे मला ठाऊक आहे. आज त्याच बाजारात माझं स्वतःचं तांदळाचं दुकान आहे आणि भाव करताना माझा आवाज स्टेशनपर्यंत जातो असं लोक म्हणतात. म्हणोत. मला आजवर कोणी फुकट काही दिलेलं नाही, मान तर नाहीच.

साडू टाकवे बुद्रुकचे. वराळ्याकडच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासनीस म्हणून गेली. लोखंडाचे छोटे भाग त्यांच्यासमोर यायचे. ते मोजपट्टीच्या चिमट्यात धरायचे, बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. त्यांची सही झाल्याशिवाय मालाची गाडी फाटकाबाहेर पडत नसे, त्यामुळे त्यांच्या फोनला दिवसभर उसंत नसायची. ही सवय ते घरी घेऊन आले. एकदा जेवताना त्यांनी भाकरी उजेडात धरून मेहुणीला सांगितलं, "ही एका अंगाला दीड मिलिमीटर जाड हाय." मेहुणीने ती भाकरी त्यांच्या ताटातून उचलली आणि गाईला घातली. "तिला चालंल. तिच्याकडं पट्टी न्हाई," एवढंच ती म्हणाली. कुठलीही वस्तू हातात आली की साडू आधी तिची जाडी बघतात आणि मग ती काय आहे ते विचारतात. मी नवं घर बांधलं तेव्हा सगळे नातेवाईक वास्तुशांतीला पेढे खाऊन गेले. हे मात्र दाराच्या चौकटीत ओळंबा सोडून अर्धा तास उभे होते. चौकट सरळ निघाली याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण जेवणावर त्यांचं लक्षच नव्हतं.

मग ते निवृत्त झाले आणि फोन एकाएकी मुका झाला. "साहेब, माल सोडा," म्हणून गयावया करणारं कोणी उरलं नाही. पहिले सहा महिने ते ओसरीवर बसून फोन उलटसुलट करून बघत, बिघडलाय का म्हणून. त्यांच्या एकुलत्या मुलीला दया आली. तिने त्यांना स्टेटस ठेवायला शिकवलं. त्यांनी शेताच्या बांधाचा एक फोटो टाकला आणि संध्याकाळी फोनने सांगितलं की त्रेचाळीस जणांनी तो पाहिला, शिवाय कोणी पाहिला तेही नावानिशी दाखवलं. झालं. ज्या माणसाला सहा महिन्यांत कोणी हाक मारली नव्हती त्याच्याकडे एका दिवसात त्रेचाळीस जणांनी वळून पाहिलं होतं, आणि ते मोजलेलं होतं! दुसऱ्या दिवशी ते कामशेतला आले आणि माझ्याच दुकानाशेजारून दोनशे पानी वही घेऊन गेले.

त्या वहीत त्यांनी लोकांचं वजन काढायचे नियम बसवले होते. स्टेटस पाहिलं तर एक गुण. टाकल्यापासून तासाभरात पाहिलं तर दोन. अंगठा दाखवला तर अर्धा, कारण "आंगठा आपोआप हालतो भाऊ, त्यात डोकं लागत न्हाई." जोडलेल्या हातांना पाव, आणि मयताच्या बातमीखाली ते आले तर शून्य. लिहून उत्तर देणाऱ्याला तीन गुण होते, पण त्याने खरंच वाचलंय का हे तपासल्याशिवाय ते वहीत चढत नसत. ते तपासण्यासाठी त्यांनी एकदा फणसाचा फोटो उलटा टाकला आणि खाली लिहिलं, 'काल पायरीवरून पडलो, गुडघा सुजला आहे.' चौदा जणांनी 'हार्दिक अभिनंदन' कळवलं. त्या चौदा जणांची नावं त्यांनी लाल शाईने लिहिली आणि त्यांच्यातला एक सख्खा चुलत भाऊ होता तरी त्याला सूट दिली नाही. एक जूनला मात्र ते वही उघडतच नाहीत. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांची जन्मतारीख एक जून लावून दिलेली, त्यामुळे त्या दिवशी अर्धा तालुका उरलेल्या अर्ध्या तालुक्याला शुभेच्छा देत असतो. साडूंचाही कागदावरचा वाढदिवस तोच. त्यांनी आठ दिवस चौकशी करून, आसपास कोणीही वजनदार माणूस जन्मलेला नाही अशी ऑगस्टातली एक तारीख शोधून काढली आणि आपला वाढदिवस तिकडे हलवला. मेहुणी दोन्ही दिवशी गोड करते. तिला वाद नको असतो.

पुढे घरच्या माणसांवर त्यांचं भागेना. रविवारी सकाळी ते वही घेऊन लोणावळ्याला जाऊ लागले. तिथे धुक्यात, कड्याच्या कठड्यापाशी, मक्याचं कणीस हातात धरून व्हिडिओ करणारी मुलं-मुली असतात. साडू त्यांच्यात वही काढून उभे राहायचे. पुण्यातल्या पाहुण्यांना ते नगरपालिकेचे माणूस वाटत आणि कणीसवाले त्यांना बघून गाडी मागे घेत. तिथलीच एक मुलगी होती, लोणावळ्याच्या बाजारपेठेत वाढलेली. तिला बघणारे चार लाख आहेत असं कळल्यावर साडूंनी तिला गाठलं.

"ताई, ह्या चार लाखातली तुमच्या दारात किती आली?"

ती म्हणाली, "काका, दारात आली तर मला पोलीस बोलवावे लागतील."

या उत्तराने साडू भारावून गेले. एवढं वजन असून माणूस घाबरून आहे, याचा अर्थ वजन खरं आहे, असं त्यांनी मला दुकानात येऊन समजावलं. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाशी इंद्रायणीच्या भावावरून हातघाईवर आलो होतो. मी म्हटलं, "पाव्हणं, तुम्ही जरा तिकडं बसा." ते तिकडे बसले आणि माझ्या दुकानात तासाभरात किती माणसं आली ते मोजून गेले.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं.

आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी सत्कार असतात. माइकवर एकेक नाव पुकारतात. माणूस स्टेजवर जातो, फेटा बांधून घेतो, नारळ हातात घेतो आणि फोटो काढून खाली येतो. कोणाचं नाव कोणाच्या आधी आलं हे सगळा मांडव कान देऊन ऐकत असतो आणि पुढची दहा वर्षं विसरत नाही. म्हणून ही यादी घरातली जाणती माणसं बसून करतात. नातं, वय, जुने रुसवे सगळं बघून. साडूंनी यादी वहीवरून केली. मुलीचा मामा पहिला, तो त्यांना हलवता आला नाही, मेहुणीने हलवू दिला नाही. तिथून पुढे वजनाप्रमाणे. दुसरे एक माजी सरपंच, ज्यांच्या ग्रुपात तीन गावं आहेत. तिसरी ती लोणावळ्याची मुलगी. ती बिचारी फेटा बांधून घेताना आजूबाजूला बघत होती, हा मान आपल्याला कशासाठी म्हणून. मग एक रोज पहाटे सुविचार टाकणारे गृहस्थ, मग पवनेच्या धरणाकाठी पर्यटकांना तंबू भाड्याने देणारा एक जण. मी पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसलो होतो. त्या लग्नाचा सगळा तांदूळ मी आहेर म्हणून दिला होता, पोत्यापोत्यातला दाणा स्वतः चावून बघून. प्रत्येक नावाला मी थोडा पुढे सरकायचो आणि पुन्हा मागे टेकायचो. एकतीस नावं झाली आणि वरपक्षाने मुहूर्त टळतोय म्हणून आरडाओरडा केला. तेव्हा माइकवाला म्हणाला, "उरलेल्या सर्व मान्यवरांचा सत्कार झाला असं समजण्यात यावं."

मी समजलो. उठलो आणि कार्यालयाच्या फाटकापाशी साडूंना गाठलं.

"पाव्हणं, मी कितवा होतो?"

"अडतिसावा," ते म्हणाले. त्यांना वही काढावी लागली नाही.

"कशानं?"

"भाऊ, तुमचं स्टेटस न्हाई, फोटू न्हाई. ग्रुपात तुमी हाय, पण कुनाला हूं न्हाई का चूं न्हाई. मापात तुमी बसतच न्हवता. घरचं म्हणून वरचे गुण देऊन आणलं अडतीसवर."

"मी मोठा साडू आहे!"

"ते व्हय. पण त्याचा रकाना न्हाई केलेला."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मी जेवलो नाही एवढं लिहितो. माझाच तांदूळ शिजल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता आणि मी उपाशी कामशेतला आलो. त्या दिवसापासून माझी एकच मागणी होती, ती मी बायकोमार्फत टाकव्याला कळवली. 'चुकलो' एवढं म्हणायचं, बास. यात वरखाली होणार नाही. तिकडून निरोप आला, वही पुन्हा तपासली, चूक सापडत नाही.

दोन वर्षं गेली. दोघी बहिणी चोरून भेटायच्या. कामशेतच्या बसथांब्यावर पिशव्यांची अदलाबदल करायच्या आणि घरी आल्यावर मला दिसणार नाही अशा बेताने लोणच्याची बरणी फळीवर मागे सारायच्या. मला दिसायची. दिवाळीला मेहुणी आली नाही, तेव्हा बायकोने माझ्याशी चार दिवस फक्त कामापुरतं बोलून घेतलं. मी मागणी खाली आणली नाही. भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो, हे मी बाजारात शिकलो होतो.

मग एका सकाळी मेहुणीचा फोन आला. साडूंच्या डोळ्याचा पडदा सरकला होता, तळेगावात ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला जागेवर दाबून धरणार, म्हणून दहा दिवस रात्रंदिवस पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही, केली तर डोळा गेला. दुसऱ्या डोळ्यात आधीच मोतीबिंदू. आणि हा माणूस दर तासाला उठत होता, फोन खिडकीच्या उजेडात धरून आपल्याला किती जणांनी पाहिलं ते बघायला. मेहुणीला फोनातलं वाचता येत नव्हतं. मुलगी बाळंत होऊन सासरी. मी बायकोला म्हटलं, "आधी चुकलो म्हणू दे."

ती म्हणाली, "तिचा नवरा आंधळा व्हायला लागलाय, आणि तुमचा फेटा अजून बांधायचाच राहिलाय का?"

मी दुकान पुतण्यावर सोपवून टाकव्याला गेलो.

नवारीच्या खाटेच्या दोन पट्ट्या बाजूला सरकवून त्यातून त्यांनी तोंड खाली काढलं होतं. ते भोकही मापून करून घेतलेलं होतं, मेहुणीने सांगितलं. मला दिसत होती ती त्यांची टाळू आणि पांढरे झालेले मानेवरचे केस. मी खाटेशेजारी बसलो.

"कोन हाय?" खालून आवाज आला.

"मी."

मग ते म्हणाले, "फोन घ्या. वाचा."

ऑपरेशनच्या बातमीला दीडशेवर माणसं होती. मी एकेक नाव वाचत गेलो, ते स्वस्थ पडून राहिले. दुसऱ्या दिवशी नव्वद. मी त्यांच्या सांगण्यावरून रोज दोन ओळी टाकत होतो, पालथ्या माणसाचे विचार म्हणून. तिसऱ्या दिवशी छप्पन्न. आजारी माणसाचा लोकांना दोन दिवस पुळका असतो. पाचव्या दिवशी मी "सत्तावीस" म्हटलं आणि त्यांचे दोन्ही हात खाटेच्या लाकडावर टेकले, मान उचलू लागली. "सत्तावीस? दाखवा बरं. तुमाला नीट दिसलं न्हाई."

मेहुणी दारातून ओरडली. मी एका हाताने त्यांचं डोकं दाबून धरलं आणि म्हटलं, "थांबा, थांबा, खाली अजून आहेत. एकशे सत्तावीस." डोकं पुन्हा खाली गेलं.

मी आयुष्यभर आकडा खाली बोललो आहे. शेतकऱ्याच्या दारात, ट्रकवाल्याशी, लग्नाच्या आचाऱ्याशीही. वर बोलायची मला सवय नव्हती, पण तो डोळा वाचवायचा तर दुसरा उपाय नव्हता. पुढचे चार दिवस मी त्यांना दीडशेच्या खाली येऊ दिलं नाही. पण हा तपासनीस. "नावं वाचा," म्हणायचा. खरी वीस-पंचवीस नावं संपली की मी दुकानातल्या गिऱ्हाइकांची नावं घालायचो, हमालांची, सातवीत माझ्याबरोबर नापास झालेल्यांची. संध्याकाळी घरी येईपर्यंत माझी जीभ जड व्हायची. एवढी माणसं मी कधी मनात आणली नव्हती.

नवव्या दिवशी मी वाचत होतो. "बाळू टेलर..."

"बाळू टेलर?" खालून आवाज आला. "त्यो मागल्या माघात गेला. तेराव्याला मी सोता बुंदी वाडली."

"दुसरा असेल."

"मावळात टेलर बाळू एकच व्हता. खरं किती?"

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, उठतील म्हणून. ते उठले नाहीत.

"एकोणीस," मी म्हटलं.

खाली फरशीवर मेहुणीने फडकं अंथरलं होतं. त्यावर थेंब पडला. नाकाचा की डोळ्याचा, वरून कळायला मार्ग नव्हता.

"एकोनीस, तुमी धरून का तुमी सोडून?"

"मी कशाला? मी वाचून दाखवतोय."

"तुमच्या फोनवरनं तुमी रोज बघता की. दोन वरसं. सकाळी सगळ्यात पैलं नाव तुमचं आस्तं. एक बी खाडा न्हाई."

बायकोलासुद्धा हे माहीत नव्हतं. हा आपल्याबद्दल काही लिहितो का, हे बघायला मी दुकान उघडायच्या आधी रोज ते उघडत होतो. पकडलो गेलो तसा मी संतापलो. "मग अडतिसावा कशाला लावला मला?"

"बघाया लागला ते लगनानंतर. आधी कुटं बघत व्हता?"

"रागानं बघत होतो मी!"

"असंल. रागाला मी दोन गुण धरतो. त्यात माणूस नीट वाचतो."

मेहुणी दारात हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी मात्र हसलो नाही. दोन वर्षं मनात घोळवलेली मागणी मी तिथेच पुन्हा मांडली. "चुकलो म्हणा, पाव्हणं."

ते फरशीकडे बघत राहिले. दुसरीकडे बघण्यासारखं त्यांना काही नव्हतंच. "मापात चूक न्हाई," ते म्हणाले. "पर माइकवाला थांबला तवा मी खाली उतरून तुमाला हाताला धरून वर न्यायला पायजे व्हतं. मला तुमी दिसत व्हता. तुमी पुढं सरकायचा न् मागं टेकायचा. मी बघत व्हतो, न् वही हातात व्हती माज्या."

मागणी केली होती त्याहून हे कमी होतं की जास्त, याचा मला हिशेब लागेना. एरवी मी अजून ताणून धरलं असतं. पण मी म्हटलं, "चालेल." मग फोन उचलला आणि उरलेली खरी नावं वाचली. त्या दिवशी प्रत्येक नावाला ते थांबवून सांगत गेले, हा कोण, कुठे कामाला होता, याच्या घरात काय चाललंय. एकोणीस नावांना दुपार पुरली नाही.

डोळा वाचला, पण पूर्ण नाही. त्याने सरळ रेषा वाकडी दिसते. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. मोजपट्टी त्यांनी जावयाला देऊन टाकली. पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाले, "भाऊ, ही आता वाकलेली हाय बघा," आणि स्वतःच पुढे म्हणाले, "न्हाई, मीच." वहीत रकान्याच्या ओळी नागमोडी दिसू लागल्यापासून ती त्यांनी उघडलेली नाही. स्टेटस ठेवणंही हळूहळू बंद झालं. लोणावळ्याची ती मुलगी कधीमधी त्यांच्या चौकशीला फोन करते, असं मेहुणी सांगते. त्यांना बाकी फार कोणी करत नाही.

दुकान उघडायच्या आधी फोन हातात घ्यायची माझी सवय काही सुटली नाही. मी तो उघडतो, स्टेटसची वरची ओळ बघतो, तिथे इतर लोक आपापले डोंगर, देव आणि नातवंडं घेऊन बसलेले असतात. साडू नसतात. मग मी नंबर लावतो. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत ते उचलतात.

"काय म्हणतोय तांदूळ?"

"आहे तसाच."

"बरं."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत असतो, माझ्या बाजूला गाड्या जात असतात. फोन ठेवायची घाई मात्र कोणी करत नाही.